शिलाई शिकवायला सगळे तयार, लेकरू कोणाजवळ ठेवायचं?

पऱ्हाटी

मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी शिलाई प्रशिक्षणाचं काम पाहते. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुसऱ्या कोणत्या केंद्रात असते तरी हेच लिहिलं असतं.

आमची बॅच तीसची. नावनोंदणीला एवढ्या बाया येतात की काहींना परत पाठवावं लागतं. दिवाळी तोंडावर आली की निम्म्या मशीन झाकून ठेवलेल्या. वर जो अहवाल जातो त्यात गळतीच्या कारणाचा एक रकाना असतो. त्यात वर्षानुवर्षं एकच शब्द भरला जातो, "वैयक्तिक". मग बैठकीत कोणीतरी म्हणतं, महिलांमध्ये उत्साह नाही हो.

हे वैयक्तिक म्हणजे नेमकं काय, ते मी घरोघरी जाऊन विचारलं. एकीचं लेकरू दीड वर्षाचं. सासू कापूस वेचणीला जाते. आमच्याकडे सध्या किलोमागे दहा-बारा रुपये आहेत, आणि हात चालणारी बाई भरल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, चाळीस किलो सहज वेचते. सासू नातवासाठी घरी थांबली तर दिवसाचे चारशेच्या वर गेले. सून घरी थांबली तर काहीच जात नाही, कारण शिकण्याचे पैसे मिळत नाहीत. घरच्यांचा हिशेब चुकला असं मला तरी म्हणता आलं नाही.

दुसरीचा सासरा लकवा मारून पडला आहे. दुपारी एकदा त्याची कूस बदलायची, भाकर कुस्करून भरवायची, एवढ्यासाठी तिला घरी असावं लागतं. तिसरीची गोष्ट वेगळीच. तिने कोर्स पूर्ण केला, हात इतका सफाईचा की कॉलर लावताना मी बघत बसायची. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात बोलावणंही आलं. गेली नाही. नवरा पुण्याला बांधकामावर, मुलगी सातवीत, घरात चौथं माणूस नाही. वयात येणाऱ्या पोरीला एकटी ठेवून आई अमरावतीला जाईल कशी?

आमच्या अंदाजपत्रकात मशीन आहे, शिकवणारी आहे, बायोमेट्रिक आहे, टी-शर्ट आहे, उद्घाटनाचा मंडपही आहे. लेकरू सांभाळणाऱ्या बाईचा रकानाच नाही. माझं म्हणणं एवढंच की कौशल्य विकास म्हणून जो खर्च होतो तो या एका रकान्यावाचून अर्धा वाया जातो.

योजनांच्या याद्या नकोत, त्या माझ्याकडे आहेत. तुमच्या गावात कोणी यातून वाट काढली असेल तर ते लिहा.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, राग नका मानू. तुम्ही म्हणता बाया शिलाईले येत नाहीत, मी म्हणतो वावरात येत नाहीत. मंग बाया गेल्या कुठी? माझी पाच एकर पऱ्हाटी फुटून उभी हाय आणि वरून आभाळ भरून येते. सकाळी सहाले ऑटो घेऊन बाजूच्या गावात जातो तं तिथं आधीच दुसऱ्याचा ऑटो उभा. भाव बाया ठरवते आता. लाडक्या बहिणीचे पंधराशे रुपये खात्यात येऊन राहिले, राशन फुकट, मंग उन्हात पाठ कोण वाकवते? आधी हे बंद करा, मंग कौशल्य-बिशल्य.

चुलीपुढची

ठेचा भाऊ, पंधराशे म्हणजे दिवसाचे पन्नास. पन्नास रुपयांत तुमच्या घरचं कोणी चार दिवस बसून खाईल का? भाव बाया ठरवून राहिल्या याचं दुखणं आहे, ते सरळ लिहा ना.

आणि बाया तुमच्याच वावरात आहेत. धाग्यात वर वाचा, ती सासू वेचणीला गेली म्हणूनच सून अडकली.

खाऊवाली_बाई

मी अंगणवाडी सेविका आहे, वाशीम जिल्हा. दर वेळी कोणीतरी म्हणतं, अंगणवाडी आहे ना, मग लेकरं तिथं ठेवा. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

अंगणवाडीत बसतात ती तीन ते सहा वर्षांची लेकरं. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांना आम्ही घरी न्यायचा आहार देतो, त्यांना दिवसभर सांभाळत नाही. म्हणजे ज्या वयात आई सगळ्यात जास्त अडकलेली असते, त्या वयासाठी आमच्याकडे पाकीट आहे, माणूस नाही. मोठ्या लेकरांचंही चार तासांत सुटतं. तुमची शिलाईची बॅच किती ते किती? दहा ते पाच असेल तर माझी अंगणवाडी तुमच्या कामाची नाही.

केंद्राच्या मिशन शक्तीमध्ये पाळणा नावाची योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत. कागदावर हेच हवं आहे. आमच्या बीटात अजून एकही नाही. आणि झालं तरी ते माझ्याच गळ्यात पडणार नाही ना, ही भीती खरी आहे. पोषण ट्रॅकरवर रोज माहिती भरा, वजनं घ्या, गरोदर बायांच्या भेटी, निवडणुकीची यादी, आणि आता बारा लेकरांचे लंगोट. वेगळी बाई, वेगळं मानधन असेल तर माझा पहिला होकार.

आणखी एक. लेकरू आजीजवळ सोडून माय कामाला गेली की आम्हाला ते तराजूवर दिसतं. आजी प्रेमाने सांभाळते, पण तिला दिसत कमी, हात थरथरतात. दिवसभरात लेकराच्या पोटात चहा-बिस्कीट. महिनाभरात वजनाची रेघ आडवी होते.

चाकणात_दिग्रसचा

ताईंनी बायांचं लिहिलं. पोरांचं मी लिहितो.

आयटीआय केलं, फिटर. इकडे चाकणला लागलो. आमच्या खोलीत सहा जण, सगळे यवतमाळ-वाशीमचे. कंपनीतला एचआरवाला तोंडावर म्हणतो, विदर्भाची पोरं टिकत नाहीत, ऑक्टोबर आला की पळतात. खरं आहे, पळतात. घरी चार एकर सोयाबीन सोंगायला आलेलं असतं, बापाची कंबर गेली, हुंड्याने, म्हणजे ठेक्याने, द्यायचं तर एकराचा जो भाव मागतात तो माझ्या पंधरा दिवसांच्या पगाराएवढा. पोरगा सुट्टी मागतो, ठेकेदार देत नाही, पोरगा न सांगता जातो. परत आला की नवीन जॉइनिंग, पुन्हा पहिल्या पायरीपासून. तीन वर्षं असं झालं की त्याच्याकडे अनुभव तीन वर्षांचा असतो, पगार पहिल्या महिन्याचा.

दुसरी अडचण सुरुवातीच्या पैशांची. एक तारखेला लागलात तर पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला. म्हणजे सव्वा महिना खिशातून. खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, बूट, ये-जा. गावाकडून निघताना मायने बचत गटातून कर्ज काढून दिले होते. ज्याची माय गटात नाही तो सावकाराकडून आणतो किंवा येतच नाही. दीनदयाल ग्रामीण कौशल्य योजनेत नोकरी लागल्यावर महिन्याला हजार रुपये द्यायची सोय आहे, जिल्ह्यातच लागला तर दोन महिने, राज्यात लागला तर तीन, राज्याबाहेर सहा. ज्याने ठेवली त्याला पोरं का पळतात हे कळलं होतं. पण हे हजार रुपये हातात कधी येतात, त्यावर सगळं.

माझ्याबरोबरची जी पोरं टिकली, त्यांच्या घरी कोणीतरी धाकटा भाऊ किंवा खमकी बहीण आहे. हुशारीचा संबंध नाही.

वऱ्हाडी_ठेचा

पोरा, हे बाकी पटलं. माझा पोट्टाही रांजणगावले हाय. मीच बोलावतो त्याले सोंगणीले.

झाडीपट्टी

गडचिरोलीहून लिहितो. आमच्याकडे कापूस नाही, धान आहे, पण दुखणं तेच. धानाची मळणी आटोपली की जानेवारीपासून गावंच्या गावं तेलंगणात मिरची तोडायला जातात, खम्मम-वरंगलकडे. जोडपं जातं आणि पोरंही नेतात, कारण ठेवायची कोणाजवळ? मजुरी काही पैशात, काही मिरचीत. परत येतात तेव्हा शाळेची वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. समग्र शिक्षामध्ये स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, गावातच मुलं ठेवायची, गावातल्याच बाईने स्वयंपाक करायचा. ते जानेवारीच्या आधी सुरू झालं तर उपयोग. फेब्रुवारीत मंजुरी आली की पोरं तोवर मिरचीच्या वावरात पोचलेली असतात.

पण पऱ्हाटी ताईंनी वाट विचारली आहे, म्हणून दोन सांगतो.

एक जुनी. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळांची काळजी शिकवली. बाळाचा श्वास मोजणं, वजन, ताप, न्यूमोनिया ओळखणं, इंजेक्शनसुद्धा. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले आणि पुढे आशांच्या कामात घरी जाऊन बाळ तपासायची जी पद्धत आली तिचं मूळ इथलं आहे. लोक ते आरोग्याचं काम म्हणून सांगतात. मी त्याच्याकडे रोजगाराच्या बाजूने पाहतो. काम त्या बाईच्या गावातच होतं, तिच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर, आणि स्वतःचं घर सांभाळून होणारं. आधी बाईचा दिवस पाहिला, मग काम त्यात बसवलं. आपल्याकडे आधी कोर्स ठरतो, मग त्यात बसणारी बाई शोधतात.

दुसरी आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाची. २००९ ला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ पासून बांबू विकायचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. काम गावाच्या शिवारात असलं की निम्मे प्रश्न उठतच नाहीत. पोराला शाळेतून आणायला कोणीतरी असतं. अर्थात प्रत्येक गावाजवळ बांबू नाही, हे मलाही कळतं.

आणि पाळणाघराचं म्हणाल तर शेजारी छत्तीसगडात पाहा. बिलासपूरजवळ गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगने पाड्यांमध्ये फुलवारी चालवल्या, सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांसाठी. खाऊवाली बाईंनी जी फट सांगितली, बरोबर त्याच वयाच्या. गावातल्याच बाया लेकरं सांभाळतात, सत्तू आणि खिचडी. लेकरांची माय कामावर, मोठी बहीण शाळेत. हे मोठ्या बहिणीचं विसरू नका, आमच्याकडे पाचवीतली पोरगी शाळा सोडते ती कडेवर भाऊ असतो म्हणून.

बाटली_आडवी

सगळं ठीक, पण घरी पिणारा नवरा असेल तर पाळणाघर काय करणार? बाईने कमवायचं आणि त्याने गुत्त्यावर नेऊन द्यायचं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला केली आणि २०२१ ला उठवली. यावर बोला आधी.

कट्टा_संपादक

दारूबंदीचा वेगळा धागा आहे, गेल्या वर्षीपासून भांडण सुरूच आहे तिथं. इथं पाळणाघर आणि रोजगारावर राहा. बाकी प्रतिसाद हलवले आहेत.

चुलीपुढची

हलवायच्या आधी एक लिहू द्या. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात, आणि एटीएम कार्ड बाईच्या ब्लाऊजमध्ये. बॅचमध्ये शिलाईच्या आधी हे शिकवा. आमच्या गटातल्या निम्म्या बायांची कार्डं नवऱ्याच्या पाकिटात सापडली.

लाईन_नंबर_४

अमरावतीकडे एका गारमेंट युनिटमध्ये सुपरवायझर आहे. मालकाच्या बाजूने लिहितो, शिव्या पडल्या तरी चालतील.

लाईनवर चाळीस मशीन असतात. एक बाई कफ लावते, दुसरी बाही जोडते. मधली एक बाई आली नाही तर पुढच्या दहा जणी हातावर हात ठेवून. म्हणून आम्हाला शिकलेली बाई कमी महत्त्वाची, रोज येणारी बाई जास्त महत्त्वाची. मशीन चालवायला मी महिन्याभरात शिकवतो. रोज यायला मी शिकवू शकत नाही, ते तिच्या घरावर आहे. पऱ्हाटी ताई, तुमचा मुद्दा मला हजेरीच्या वहीत रोज दिसतो.

कारखाना कायद्यात कित्येक वर्षांपासून तीसपेक्षा जास्त बायका असल्या तर पाळणाघर हवं असं होतं. बहुतेक ठिकाणी ती एक खोली असते, तिच्यात कापडाचे तागे ठेवलेले. तपासणीच्या दिवशी तागे बाहेर, पाळणा आत. पण एक खरं सांगतो, पाळणाघर चालू ठेवलं तरी बाया लेकरं आणत नाहीत. पंचवीस किलोमीटर कोंबलेल्या गाडीतून दहा महिन्यांचं लेकरू कोण आणणार? कारखान्यातलं पाळणाघर शहरातल्या बाईला उपयोगी. खेड्यातल्या बाईला ते गावातच हवं.

आमच्याकडे फरक पडला तो दोन साध्या गोष्टींनी. सकाळची वेळ साडेआठवरून साडेनऊ केली, आणि गावांच्या फाट्यावरून गाडी सुरू केली. साडेआठची वेळ असली की बाईला पाच वाजता उठून दोन वेळचा स्वयंपाक करावा लागतो. एका तासाने शाळेत जाणाऱ्या पोरांचे डबे भरून निघता येतं. मालकाला पटवायला वेळ लागला, पण आता तोच सगळ्यांना सांगत फिरतो, जणू त्याचीच कल्पना.

नांदगाव पेठला पीएम मित्र या कापड उद्योगाच्या पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या कार्यक्रमातून झालं, हजार एकरांचा. तिथं उद्या बाया मोठ्या संख्येने लागतील. रस्ते, पाणी, वीज यांचं नियोजन आधी होतं. राहायचं आणि लेकरांचं नियोजन आंदोलन झाल्यावर होतं. मिशन शक्तीतच सखी निवास आहे, नोकरदार बायांचं वसतिगृह, पाळणाघराच्या सोयीसह. ते पार्कच्या कुंपणाबरोबरच उभं राहिलं तर ताईंच्या त्या तिसऱ्या बाईला मुलीसकट यायचा विचार तरी करता येईल.

निळी_बस

गाड्यांचा विषय निघाला म्हणून. मानव विकास मिशनच्या, मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या बसमधून मी बारावी केली. त्या बस नसत्या तर आमच्या गावच्या निम्म्या मुली आठवीनंतर घरी बसल्या असत्या. पण ती बस शाळेच्या वेळेला येते, शाळेला सुट्टी तर बसला सुट्टी, आणि फुकट पास बारावीपर्यंत. बारावी झाली की त्याच रस्त्यावर, त्याच गावाला, आयटीआयला जायचं तर सवलतीचा पास काढायचा आणि साधी एसटी शोधायची. आमच्या फाट्यावर ती सकाळी ७ ला, मग थेट ११:३० ला. आयटीआय ८ ला भरतं. बायांना अर्धं तिकीट झालं मार्च २०२३ पासून, फार बरं झालं, पण अर्धं तिकीट काढायला आधी बस यावी लागते. मी इलेक्ट्रिशियन ट्रेड सोडून गावातच घरून बीए करते आहे. आई म्हणते, बरं झालं, तेवढीच घरात मदत.

वऱ्हाडी_ठेचा

पोरी, ७ च्या बसनं जाऊन आयटीआयच्या दारात थांबत जा तासभर. थोडं सहन करावं लागते.

निळी_बस

काका, परतीची शेवटची बस ४ ला सुटते आणि आयटीआय ४:३० ला. आता काय सहन करू?

बिनशिक्क्याचा

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून ग्रामपंचायतीत होतो. बारावीवाल्याला महिन्याला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीधराला दहा. आधी सहा महिने म्हणाले, मग पाच वाढवले. घरपट्टीच्या नोंदी केल्या, दाखले काढले, सगळं शिकलो. अकरा महिन्यांनी प्रमाणपत्र दिलं आणि घरी पाठवलं. जे शिकलो त्याची नोकरी गावात एकच आहे आणि त्या खुर्चीवर माणूस बसलेला आहे. स्थळं बघायला सुरुवात केली होती घरच्यांनी, पोरगा ग्रामपंचायतीत आहे म्हणून. पुढचं लिहीत नाही.

कागदवाले_काका

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. कागद काय म्हणतो ते सांगतो, पटो न पटो.

पऱ्हाटी ताईंनी लिहिलेल्या तीन बायांत विधवा बाई नाही, पण आपल्या भागात ती प्रत्येक बॅचमध्ये असते. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या वारसाला एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव, हे २००६ पासून तसंच आहे. तेही प्रकरण पात्र ठरलं तर. पात्रतेला शेती, मान्यताप्राप्त संस्थेचं थकलेलं कर्ज आणि वसुलीचा तगादा बघतात. बिनपरवाना सावकाराचं कर्ज असेल तर बाई अडकली. अपात्र ठरली तरी बाकीच्या वाटा बंद होत नाहीत, हे तिला कोणी सांगत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभचे वीस हजार आहेत, मृत्यू कशानेही असो. लेकरांसाठी बालसंगोपन आहे, महिन्याला २,२५० रुपये, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. ही बालसंगोपनची गोष्ट मी निवृत्त झाल्यावर जास्त लोकांना सांगितली असेल, खुर्चीवर असताना वेळच नव्हता.

आता खरी गोम. संजय गांधी निराधारचे महिन्याला १,५०० मिळतात, आणि त्याची अट आहे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. तुम्ही त्या बाईला शिलाई शिकवली, तिला नऊ हजारांची नोकरी लागली. तिसऱ्या पगारालाच ती अटीच्या बाहेर. नोकरी चार महिन्यांत सुटली, दुखणं आलं, युनिट बंद पडलं, तर निराधार पुन्हा सुरू करायला तलाठ्यापासून सगळी पायपीट नव्याने. म्हणून ती नोकरीच नाकारते. ताईंच्या रकान्यात ते वैयक्तिक म्हणून जातं. ती बाई आळशी नाही, माझ्यापेक्षा बरा हिशेब आहे तिचा. कामाला लागल्यावर निदान वर्षभर निराधार चालू ठेवावं, एवढा बदल झाला तर पुष्कळ बाया धाडस करतील.

तुमच्या पाळणाघराचे पैसे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. हा पैसा प्रत्येक गावात आहे, कुठं थोडा, कुठं बरा. त्यातून बहुतेक काय घेतात माहीत आहे? शिलाई मशीन. दरवर्षी दोन मशीन, एक सरपंचाच्या वस्तीत, एक उपसरपंचाच्या. तुमचा तालुका केळापूर, घाटंजी, मारेगाव, राळेगावपैकी असेल आणि गाव पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात, असेल तर पाच टक्के अबंध निधी वेगळा, तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. एका बाईचं मानधन यातून बसतं. ठराव ग्रामसभेत घ्या, मासिक सभेत नको, नाहीतर पुढचा सरपंच मोडतो.

खाऊवाली_बाई

काका, एक बाई पुरत नाही. आठ-दहा लेकरांना एक, त्याच्या वर दुसरी हवी. नाहीतर एका लेकराला जुलाब झाले की बाकीची रस्त्यावर.

झाडीपट्टी

रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यातसुद्धा होतं, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असली की एका बाईला सांभाळायला लावायचं आणि तिला मजुरी द्यायची. म्हणजे लेकरू सांभाळणं हे मजुरीचं काम आहे हे सरकारने मान्य केलेलं आहे. आमच्याकडे तळ्याच्या कामावर एक म्हातारी असायची यासाठी. मुकादम तिला हजेरीवर घेताना नाक मुरडायचा, बसून खाते म्हणून. एक दिवस ती आली नाही, तेव्हा दुपारपर्यंत त्याच्या टोपल्या अर्ध्या झाल्या.

पऱ्हाटी

सगळ्यांचं वाचलं, आभार. ठेचा भाऊंचेही. त्यांनीच नकळत मला वेळापत्रक दिलं.

असं ठरवते आहे. ऑक्टोबर ते जानेवारी बॅच घ्यायचीच नाही, वेचणीशी स्पर्धा करून मी हरणारच. फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू करायची आणि एप्रिल अर्धा झाला की संपवायची. मे महिन्यात टिनाखाली मशीनवर बसणं माणसाचं काम नाही, आणि लग्नं असतात. वेळ ११ ते ४. तासांचा नियम वरून ठरलेला आहे, जास्त दिवस घेऊन तो भरून काढता येतो का ते साहेबांशी बोलते. नाही म्हणाले तर लेखी नाही म्हणा म्हणणार आहे.

बॅच तालुक्याला न घेता दोन गावांच्या मध्ये घेते. मशीन टेम्पोतून नेता येतात, सासरे नेता येत नाहीत. लकव्याच्या सासऱ्यांची सून दुपारी घरी जाऊन येईल एवढं अंतर.

लेकरांसाठी गटातल्या दोन बाया, एक चाळिशीतली, एक तिच्या मदतीला. खाऊवाली बाईंनी सांगितलेल्या प्रमाणात. मानधन काकांच्या दहा टक्क्यांतून मागते. मिळेपर्यंत प्रत्येक आईने रोज दहा रुपये आणि मूठभर तांदूळ, असं बायांनीच सुचवलं. दहा रुपयांत पोट भरणार नाही सांभाळणारीचं, मला माहीत आहे, म्हणूनच ठराव लवकर हवा.

निराधारचं मात्र माझ्या हातात काही नाही. त्या बायांना मी आता नोकरीऐवजी घरून तुकड्यावर काम मिळतं का ते बघते आहे. ते काही मोठं नाही. शाळेचे गणवेश शिवायचं काम गटाला मिळालं, तिथपर्यंत पोचलो तरी खूप.

लाईन नंबर ४, तुमच्या गाडीचे फाटे कोणते ते मला निरोपात कळवाल का? ती तिसरी बाई अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

लाईन_नंबर_४

कळवतो. पण ती यवतमाळ जिल्ह्यातून रोज येऊ शकणार नाही. मुलीची शाळा इकडे बदलता आली तर खोलीचं मी बघतो, आमच्या दोन बाया लेकींसह एकत्र राहतात, तिसरीला जागा आहे. जूनमध्येच होईल हे, अधेमधे नाही.

कागदवाले_काका

शाळा सोडल्याचा दाखला जूनच्या पहिल्या आठवड्यातच घ्या. आणि ठरावात "पाळणाघर" एवढंच लिहू नका. "महिला व बालकल्याण निधीतून, गावातील कामकरी व प्रशिक्षणार्थी महिलांच्या सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी दिवसा सांभाळ केंद्र, दोन मदतनिसांच्या मानधनासह" असं पूर्ण लिहा. मानधन शब्द लिहायचा राहिला तर लेखापरीक्षणाचं कारण सांगून खेळणी खरेदी करून मोकळे होतील. सूचक-अनुमोदक बायाच ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा

फेब्रुवारीत घेता ना बॅच? मंग ठीक हाय. पण ते सांभाळ केंद्र नोव्हेंबरातच सुरू करा. लेकराचं झालं तं दोन-चार बाया आणखी येतील वेचणीले. मी गावात बोलतो सरपंचाशी, माझा चुलतभाऊच हाय. तांदळाचं अर्धं पोतं माझ्याकडून.

चुलीपुढची

भाऊ, पोतं पूर्ण द्या. आणि भाव बारा रुपयेच राहील.